भेकराच्या गोचिडींची बाटली

हे खरं तर मी कुणाला सांगायचं नव्हतं. तानीने मला तसं बजावलं होतं. बूच लावण्याआधी तिने माझ्या तोंडाशी तोंड आणलं आणि हळूच म्हणाली, "आजीनं काय केलं ते डागदरला सांगू नको हां." मी पडले काचेची, मी कुणाला काय सांगणार? पण तानीला तेव्हा सांगायला दुसरं कुणी नव्हतं. आता त्या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. ती कळली तर आज कुणाला राग येणार नाही, असं वाटतं, म्हणून बोलतेय.

मी एक बाटली आहे. उंच नाही, तळहातावर उभी राहीन एवढीच. तोंड रुंद, काच जाड आणि किंचित हिरवट. माझ्या पोटात एका बाजूला, काचेच्या आत, मोहरीएवढा एक बुडबुडा अडकलेला आहे. मला घडवणाऱ्याने फुंकर मारली तेव्हा त्याच्या श्वासातला थोडासा तिथेच राहिला असावा. जन्माचं मला तेवढंच आठवतं, ऊब आणि फुंकर. पुढची बरीच वर्षं मी सिंधमधल्या शिकारपुरात, एका स्वयंपाकघराच्या फळीवर, वेलदोडे सांभाळत काढली.

त्या घरातल्या बाईंना सगळे अमां म्हणत. अमां म्हणजे आई. फाळणी झाली आणि घर सोडायची वेळ आली, तेव्हा काय न्यावं आणि काय ठेवावं याचा विचार करायला अमांना वेळच मिळाला नाही. मी भरलेली होते आणि हाताशी होते, म्हणून गाठोड्यात गेले. माझ्याहून कितीतरी सुंदर भांडी फळीवरच राहिली. कराचीहून आम्ही बोटीने मुंबईला आलो आणि तिथून कल्याणजवळच्या छावणीत. लढाईच्या दिवसांत सैनिकांसाठी बांधलेल्या त्या लांबच लांब बराकी होत्या. मधे गोणपाटाचे पडदे लावले की एका बराकीत किती तरी घरं होत. पुढे त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं. अमां मात्र अजूनही तिला कॅम्पच म्हणतात.

तिथे रोज सकाळी कौसाबाई नावाची एक भाजीवाली येई. अमांना मराठी येत नव्हतं आणि कौसाबाईंना सिंधी. एकदा कौसाबाईंची मुलगी बाळंत झाली. ते बोटांच्या खुणांनी कळल्यावर अमांनी मूठभर वेलदोडे माझ्यात घालून मला त्यांच्या टोपलीत ठेवलं. चार दिवसांनी मी परत आले ती गुळाने गच्च भरून. अमांनी बूच काढलं, गुळाचा वास घेतला आणि हसल्या. भाषा दोघींच्या दोन, पण कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, एवढं दोघींनाही आपापल्या आईने शिकवलेलं होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जो घोटाळा झाला तो याच चांगल्या सवयीमुळे झाला.

अमांचे चिरंजीव डॉक्टर जयदेव. बदलापूरला ते एका लहानशा दवाखान्यात काम करत आणि आठवड्यातून एकदा सायकलवरून आसपासच्या वाड्यांवर जात. बारवी नदीच्या काठाने वर गेलं की डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांची एक वाडी लागते. होळी नुकतीच झाली होती. त्या वाडीतली आवडी नावाची बाई तापाने पडली. डॉक्टरांनी आधी हिवताप समजून कोयनेल दिलं. ताप हटेना. मग तिच्या तळहातांवर आणि तळपायांवर लाल ठिपके उठले. तसे ठिपके डॉक्टरांनी कराचीत शिकताना एकदाच पाहिले होते. त्यांनी विचारलं, हिला गोचीड चावली होती का? तेव्हा दारात जमलेली सगळी माणसं हसली म्हणे. रानात राहायचं आणि गोचीड चावायची नाही, असं कधी होतं का?

डॉक्टर एकेक विचारत गेले. होळीच्या शिकारीत वाडीच्या माणसांनी एक भेकर मारलं होतं. भेकर म्हणजे लहान चणीचं हरीण, कुत्र्यासारखं भुंकणारं. ते पडल्यावर जाळीत त्याचं पिल्लू उभं दिसलं. आवडीच्या नवऱ्याने, चांगोने, ते काखेत घालून घरी आणलं. पिल्लाच्या कानांत आणि मांड्यांत गोचिडी लगडल्या होत्या. आवडीने बसून सगळ्या काढल्या आणि उवा मारतात तशा दोन्ही अंगठ्यांच्या नखांमध्ये धरून फोडल्या. आठ-दहा दिवसांत तिला ताप आला.

डॉक्टरांनी बाजारात नव्यानेच आलेल्या कॅप्सुला मुंबईहून मागवल्या. त्या दिल्यावर आवडीचा ताप उतरला. सगळ्यांना बरं वाटलं, पण वाडीचा जाणता माणूस देऊबाबा, तो म्हणाला, दरसाल होळीमागनं असा ताप येतो. मागल्या साली दोन माणसं गेली. हा ताप भेकराच्या अंगावरून येत असेल, तर हे पिल्लू वाडीत नको, रानात सोडून द्या.

पिल्लू अजून दूध पीत होतं. रानात सोडलं असतं तर पहिल्याच दिवशी बिबट्याने नाहीतर कुत्र्यांनी नेलं असतं. आवडीची मुलगी तानी त्याला चिंधी भिजवून शेळीचं दूध पाजत होती. भेकरू म्हणत होती. ती दाराआडून हे सगळं ऐकत होती. डॉक्टर देऊबाबाला म्हणाले, आधी मला बघू दे, त्या गोचिडींमध्ये तापाचे जंतू खरंच आहेत का. देऊबाबाने मान हलवली. "डागदर सांगंल तसं. पन असले जंतू, त भेकरू रानात."

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी घरी येऊन मला फळीवरून उचललं.

"अमां, ही मला पाहिजे. हिचं तोंड रुंद आहे."

"कशाला, पुट?" अमांनी विचारलं. पुट म्हणजे बाळा.

डॉक्टरांनी सांगितलं. अमांनी मला त्यांच्या हातातून घेतलं. मग म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या समुद्रातून मी ही आणली, ती गोचिडींसाठी?" पण वेलदोडे एका कागदात काढून त्यांनीच मला गरम पाण्याने धुतलं. वास मात्र गेला नाही. तो अजूनही थोडा आहे.

मला काय वाटलं म्हणाल, तर वाईट नाही वाटलं. फळीवर मी सुखात होते, पण फळीवरून फक्त चूल दिसे. डॉक्टरांच्या सायकलच्या पिशवीतून मी प्रथमच नदी पाहिली. पळसाची झाडं पाहिली. तानी पाहिली.

डॉक्टरांनी तिला एक चिमटा दिला आणि नीट समजावलं. गोचिडी फक्त भेकरूच्याच काढायच्या, मारायच्या नाहीत, आत एक ओलं पान ठेवायचं. बुचाला त्यांनी सुईने भोकं पाडली होती. पुढच्या खेपेला येऊन नेतो, असं सांगून ते गेले. तानीने मन लावून शोधलं. पण आवडीने पिल्लू आधीच साफ केलं होतं. माझा तळसुद्धा झाकला नाही, एवढ्याच निघाल्या.

दुसऱ्या दिवशी तानीच्या आजीने, नवसीने, मला उचलून उजेडात धरलं.

"एवढ्याच? ही अशी बाटली परत द्याची त्याला?"

तानी म्हणाली, डागदरनं फक्त भेकरूच्याच सांगितल्यात.

"त्यानं आपल्या आवडीला वाचवली. त्याची बाटली अशी रिकामी पाठवू? लोकं काय म्हनतील, ठाकरांच्या घरी गोचिडी पन नाय?"

आणि नवसी कामाला लागली. तिने आधी कुत्रा धरला. मग शेजारच्या म्हशीकडे गेली. मी एवढ्या गोचिडी जन्मात पाहिल्या नव्हत्या. चपट्या, तपकिरी, वाटाण्यासारख्या फुगलेल्या करड्या, एकीवर एक चढणाऱ्या. गूळ भरावा तशी तिने मला गळ्यापर्यंत भरली, तळहाताने बूच ठोकलं आणि तानीला म्हणाली, "सांगशील त बघ. मान द्याचा असतो मानसाला." बूच तिने फारच घट्ट बसवलं होतं. तानीने ते मागाहून काढून पुन्हा नीट लावलं, भोकं मोकळी आहेत का ते पाहिलं, आणि तेव्हाच ते माझ्या तोंडाशी येऊन बोलली.

डॉक्टर मला पाहून चकितच झाले. एवढ्याशा पिल्लावर एवढ्या? पण त्यांना आनंद इतका झाला होता की त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नवसीने पदर तोंडाला लावला होता. तिला धन्य वाटत होतं.

दवाखान्याच्या मागच्या पडवीत, मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने दिलेले गिनीपिग होते. उंदराहून मोठे, सशाहून लहान, गोंडस प्राणी. डॉक्टरांनी माझ्यातल्या निम्म्या गोचिडी खलात बारीक केल्या, त्यांचं पाणी गाळलं आणि गिनीपिगांना टोचलं. काही दिवसांनी गिनीपिगांनी गाजरं खायचं सोडलं आणि कोपऱ्यात अंग चोरून बसले. त्यांना ताप आला होता. मुंबईला नमुने गेले आणि तिथून जंतूंचं एक लांबलचक नाव आलं.

डॉक्टरांनी वाडीत जाऊन सांगितलं की जंतू आहेत. देऊबाबाने आपल्या शब्दाची आठवण करून दिली. बाजाराचा दिवस झाला की पिल्लू रानात. डॉक्टरांना वाईट वाटलं, पण जे दिसलं ते त्यांनी सांगितलं होतं.

बाजाराच्याच दिवशी आवडी औषधासाठी दवाखान्यात आली. बरोबर तानी होती. डॉक्टर आवडीची नाडी पाहत होते. मी टेबलावर उरलेल्या गोचिडी घेऊन उभी होते. तानी हळूहळू टेबलाजवळ आली. तिने मला दोन्ही हातांत धरलं.  तिने डॉक्टरांकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत राहिली.

"सांगू का ग?" तिने मला विचारलं.

मी तर काय बोलणार. पण माझं बोलणं तिला नको होतंच. कुणाकडे न बघता बोलता यावं, एवढंच तिला हवं होतं.

"यात भेकरूच्या थोड्याच हायेत," ती माझ्याशी म्हणाली. "बाकी आजीनं घातल्या. कुत्र्याच्या, आन् म्हशीच्या. बाटली रिकामी जाव नये म्हनून."

आवडीचा हात डॉक्टरांच्या हातातच राहिला. मला वाटलं, आता तानीला बोलणी बसणार. कितीतरी दिवसांचं काम फुकट गेलं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते थांबेना.

"माझी आई पण अशीच आहे," ते म्हणाले. "चूक माझी. मी इतकी मोठी बाटली द्यायला नको होती."

मग त्यांनी पांढऱ्या बशीत मला उलटं केलं आणि भिंगाखाली गोचिडी पाहायला सुरुवात केली. आधी त्यांनी ते केलं नव्हतं. तानीलाही त्यांनी भिंग दिलं. म्हशीच्या वेगळ्या, कुत्र्याच्या वेगळ्या, आणि भेकरूच्या लहान, काळपट, अगदी थोड्या. ताप यांच्यातल्या कुणाकडून आला ते आता कोण सांगणार? तानीचा चेहरा मी काचेतून जवळून पाहिला. कुत्र्याकडून आला असेल, असं तिला मनातून वाटत होतं. कुत्र्याला कुणी रानात सोडत नाही.

डॉक्टर त्याच दिवशी तिच्याबरोबर वाडीत गेले आणि देऊबाबाकडून मुदत मागून घेतली. देऊबाबाने नवसीकडे असं पाहिलं की ती भांडी घासायला निघून गेली.

या वेळी सगळं नीट झालं. कुत्र्यासाठी खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली, म्हशीसाठी दुसरी. मी फक्त भेकरांसाठी. भेकरूवर पुन्हा काही चढल्या होत्या, त्या तानीने काढल्या. त्याशिवाय वाडीच्या माणसांनी रानात आणखी दोन भेकरं मारली, तेव्हा डॉक्टर मला घेऊन तिथे हजर होते. तिथे मी एक गोष्ट पाहिली. जनावर थंड व्हायला लागलं की गोचिडी त्याला सोडतात. केसांतून वर येतात, टोकाशी थांबतात, पुढचे पाय हवेत हलवतात आणि जिकडे ऊब असेल तिकडे निघतात. ऊब होती कातडं सोलणाऱ्यांच्या हातांत. ते हसत-बोलत होते आणि मनगटावरची गोचीड काढून, न बघताच, नखावर फोडत होते. देऊबाबासुद्धा.

पुन्हा गिनीपिग, पुन्हा वाट पाहणं. कुत्र्याच्या बाटलीवाले गिनीपिग मजेत गाजरं खात राहिले. म्हशीच्या बाटलीवालेही. माझ्या बाटलीवाले कोपऱ्यात जाऊन बसले.

म्हणजे ताप भेकरांच्याच गोचिडींतून येत होता. तानीने एवढं धाडस करून सांगितलं आणि शेवटी उत्तर तेच आलं.

डॉक्टरांनी ते देऊबाबाच्या अंगणात बसून सांगितलं. सारी वाडी जमली होती. मी डॉक्टरांच्या पिशवीतून डोकं काढून पाहत होते. तानी भेकरूच्या गळ्यात हात टाकून कुडाला टेकली होती.

"मंग झालं," देऊबाबा म्हणाला. "चांगो, सोडून ये त्याला."

चांगो उठला. डॉक्टर म्हणाले, "जरा थांबा. मला एक सांगा. या पिल्लाजवळ सगळ्यात जास्त कोण असतं?"

"तानी," तिघं-चौघं म्हणाले.

"तिला ताप आला?"

 नाही आला, हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचा विचार कुणी केला नव्हता.

"का नाही आला? गोचिडी तर तीही काढते."

"ती कुठं मारते?" नवसी मागून म्हणाली. "नखावर घ्याला भिते. चिमट्यानं धरते नायतर काडीवर घेते, आन् चुलीत टाकते. केवढी झाली, पन उवापन मारता येत नाय तिला. सासरी गेल्याव काय करंल?"

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत.

"आवडीबाई, तुमचे हात दाखवा," ते म्हणाले. आवडीने हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला, कामाने पडलेल्या बारीक भेगा होत्या. "गोचीड फुटली की तिच्यातलं पाणी इथून आत जातं. चावल्यानेही ताप येतो, पण नखावर फोडली तर आपण स्वतःच जंतू आत घेतो. हे पिल्लू तर ठणठणीत आहे. याला रानात सोडलं तरी रान भेकरांनी भरलेलंच आहे, गोचिडी गवतात बसलेल्याच आहेत. मागच्या साली जी दोघं गेली, ती काय करत होती?"

"सोलायला होती," देऊबाबा हळूच म्हणाला. "माझ्याच शेजारी."

"पन मी त जलमभर फोडतेय," नवसी म्हणाली. "माला काय झालं?"

लहानपणी असा ताप कधी आला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. नवसी थोडी आठवत राहिली. आला होता. अंगभर ठिपके उठले होते, आईने राखेत लोळवलं होतं. एकदा येऊन गेला की बहुधा पुन्हा येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. इतरांचं नशीब तेवढं चांगलं असेलच असं नाही.

देऊबाबा बराच वेळ आपल्या दोन्ही अंगठ्यांकडे बघत बसला. त्याची नखं जाड, पिवळी होती.

"म्हंजे," तो शेवटी म्हणाला, "भेकरू ऱ्हाऊ दे, नखं रानात सोडून या."

इतकं हसू झालं की भेकरू बिचकून उडालं आणि तानीच्या हातातून सुटून घरात पळालं. तानी त्याच्यामागे धावली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते फक्त मला दिसलं, कारण ती पिशवीवरून उडी मारून गेली.

तेव्हापासून वाडीत बऱ्याच घरी चिमटा आहे. नसेल तिथे काडी आहे. शिकार सोलून झाली की माणसं साबणाने हात धुतात, आणि कुणी सवयीने नखाकडे नख नेलं की मुलंच ओरडतात. पुढच्या होळीनंतर दोघांना ताप आला. दोघंही ठिपके उठायची वाट न पाहता दवाखान्यात आले आणि कॅप्सुला घेऊन बरे झाले. नवसी मात्र म्हणते की गोचीड फोडल्याचा आवाज ऐकला नाही तर तिला जेवण गोड लागत नाही.

मी आता दोन्हीकडची झाले आहे. डॉक्टर अजून भेकरांच्या गोचिडी तपासतात, कुठल्या महिन्यात किती, कुठल्या रानात जास्त. कॅम्पातून निघताना अमां मला रिकामं जाऊ देत नाहीत. आत तर काही घालता येत नाही, म्हणून वेलदोड्यांची पुडी माझ्या गळ्याला बांधतात. आणि वाडीतून निघताना नवसी त्याच दोऱ्याला वालाची, नाहीतर सुकलेल्या करवंदांची पुरचुंडी बांधते. आतलं तानीचं, बाहेरचं नवसीचं. पोटात गोचिडी आणि गळ्यात मान, असं मला वाटतं. काचेला याहून जास्त काय हवं?

तुम्ही कधी रानात गेलात तर एवढंच करा. घरी आल्यावर अंग नीट पाहा, कानामागे, काखेत. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीला लागून धरा, सरळ ओढा, आणि नखावर घेऊ नका. कुणी भित्री म्हटलं तर म्हणू दे.

भेकरू मादी होती; मोठी होऊन ती आपणहून रानात गेली. पहाटे मात्र कुडाशी मिठाचा खडा चाटायला येते. तानी मला हातात घेऊन तिची वाट पाहते, कान तपासते आणि इकडचं-तिकडचं मला सांगते. परवाची गोष्ट तर तिने कुणालाच सांगितलेली नाही. परवा भेकरू एकटी आली नव्हती. तिच्या मागे करवंदीच्या जाळीत, अगदी खाली, आणखी दोन इवलेसे कान हलले. तानीने श्वास रोखला. मग ती माझ्या बुचाशी वाकून म्हणाली, हे देऊबाबाला इतक्यात सांगायचं नाही, कारण यंदाच्या होळीला पुन्हा शिकार निघेल. आणि आज मात्र अंगणातून तानी स्वतःच आजीला ओरडून सांगतेय:

"बाटली कुठं ठेवलीस ग, आजे? आन लवकर, आली ती, दोघीपन आल्यात!"